‘काका, मुलींना फी माफ आहे’ : सत्तर हजार आणि एक वर्ष कसं गेलं

यंदा बारावीचा निकाल लागला आणि नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या गल्लीतल्या दोघांनी मला विचारलं, "तुमच्या मुलीचं ॲडमिशन ज्या सरांनी केलं, त्यांचा नंबर आहे का?" माझ्या पोटात गोळा आला. आमच्यासोबत काय झालं ते आम्ही नातेवाइकांनासुद्धा नीट सांगितलेलं नव्हतं, लाज वाटत होती. पण माझ्या गप्प बसण्यामुळे दुसऱ्या कुणाची मुलगी त्याच माणसाच्या टेबलासमोर जाऊन बसणार असेल तर ते पाप माझ्या माथी येईल. म्हणून सगळं लिहितो.

मी अंबडच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहे. आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या बरंच खाली. मुलगी सायन्सला होती, कॉम्प्युटर इंजिनीअर व्हायचं हे तिचं दहावीपासूनचं ठरलेलं. 21 मे 2024 ला बारावीचा निकाल लागला आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. आमचा नंबर, मुलीचं नाव, ग्रुप, सगळं त्यांना माहीत होतं. ते कुठून गेलं हे आजही कळलेलं नाही. सीईटीला तिला 78 पर्सेंटाइल मिळाले, तेव्हा त्यातल्याच एकाने पुन्हा फोन केला. "काका, एवढ्यावर कॉम्प्युटर मिळणं अवघड आहे. एकदा येऊन भेटा, मार्गदर्शन मोफत आहे."

कॅनडा कॉर्नरजवळ दुसऱ्या मजल्यावर ऑफिस होतं. बाहेर चपला काढून बसलेले माझ्यासारखेच आईबाप, कुणी निफाडहून आलेलं, कुणी सिन्नरहून. माणूस पस्तिशीचा, बोलायला अतिशय गोड. सगळे त्याला सर म्हणत, मीही म्हणायला लागलो. त्याच्या टेबलावरच्या काचेखाली वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं, मुलींना उच्च शिक्षण मोफत झाल्याची बातमी. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "शासनाने मुलींची फी माफ केलीये काका. आता फक्त पहिला हप्ता भरा, महाडीबीटीचा, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा फॉर्म मी भरून देतो, पैसे तुमच्या खात्यात परत."

बातमी खरी होती, इथेच आम्ही फसलो. 8 जुलै 2024 चा शासन निर्णय मी खूप उशिरा, सगळं हातचं गेल्यावर वाचला. त्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही, संस्थास्तरावर, म्हणजे कॉलेजात थेट घेतलेल्या प्रवेशाला नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं तर त्यातून सरळ वगळलेली आहेत. हा माणूस आम्हाला नेमका एका खासगी विद्यापीठात नेत होता. कात्रण काचेखाली अर्धंच दिसेल असं ठेवलेलं होतं, हे मला आता आठवतं.

आम्ही चौकशी केली नाही असं नाही. माझ्या भाच्याने यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या साइटवर बनावट विद्यापीठांची यादी काढून पाहिली. त्यात या विद्यापीठाचं नाव नव्हतं. विद्यापीठ खरं, स्वतःच्या कायद्याने झालेलं, पदवी देण्याचा अधिकार असलेलं, म्हणून आम्ही निर्धास्त झालो. पण पुणे विद्यापीठाला संलग्न असलेलं कॉलेज आणि स्वतःची परीक्षा स्वतः घेणारं खासगी विद्यापीठ यांत फरक काय, सवलत कुठे लागू होते आणि कुठे नाही, हे आम्ही कुणाला विचारलंच नाही. आम्ही तपासलं ते बरोबर होतं, फसवणूक दुसरीकडे होती.

त्याने आम्हाला स्वतःच्या गाडीतून कॅम्पस दाखवायला नेलं. मोठी हिरवळ, काचेची इमारत, थंडगार लायब्ररी, कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये रांगेने नवे मॉनिटर. मुलगी एका खुर्चीत जाऊन बसली आणि माझ्याकडे बघून हसली. तिथले शिपाई, काउंटरवरच्या मुली, सगळे त्याला ओळखत होते. त्या ओळखीवरच आमचा विश्वास बसला.

त्याच दिवशी त्याने पंधरा हजार रोख घेतले, ‘सीट कन्फर्मेशन’ म्हणून. पावतीबुकातली गुलाबी कार्बन कॉपी दिली, त्यावर ना विद्यापीठाचं नाव ना शिक्का. पहिला हप्ता एक लाख दहा हजार सांगितला. मंडळीच्या बांगड्या पतसंस्थेत ठेवून साठ हजार उचलले, पन्नास हजार बोनसचे जपून ठेवलेले होते. यूपीआयला दिवसाला एक लाखाची मर्यादा, म्हणून दोन दिवसांत पाठवायचे ठरले. पहिल्या दिवशी मी मोबाइल हातात धरला आणि क्यूआर स्कॅन केला, तेव्हा ही शेजारून म्हणाली, "अहो, हे नाव विद्यापीठाचं नाहीये, माणसाचं आहे." मी विचारलं. तो म्हणाला, "काकू, विद्यापीठाचं गेटवे आज बंद आहे, सीट जाईल. मी माझ्याकडून भरतो, पावती उद्या." मी पिन टाकला. तिचं ऐकलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

मग फॉर्म. अभ्यासक्रमाची जागा कोरी, फीची जागा कोरी, आणि खाली पेन्सिलने फुल्या मारलेल्या, जिथे सही करायची तिथे. "बाकीचं माझ्या ऑफिसातला मुलगा टाइप करतो," म्हणाला. मुलीने सही केली, मी केली. ओरिजिनल मार्कशीट आणि एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) त्याने फाइलमध्ये ठेवून घेतली.

कॅपची नोंदणी आम्ही आधीच केली होती, गुणवत्ता यादीत तिचं नाव आलं होतं. ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची वेळ आली तेव्हा तिने त्याला फोन केला. तो तिला म्हणाला, "बेटा, ऑप्शन भरलेस तर इकडची सीट आपोआप कॅन्सल होते." हे साफ खोटं होतं. तिने ऑप्शन भरले नाहीत. माझ्या मते सत्तर हजारांपेक्षा मोठा घाव हाच. पैसा पुन्हा जमवता येतो.

ऑगस्टच्या अखेरीस वर्ग सुरू झाले. रोज सकाळी सव्वासातला मुलगी त्रिमूर्ती चौकातून बस पकडायची. आठ-दहा दिवस आनंदात गेले. मग एकेका तासाला हजेरी सुरू झाली आणि बी.टेकच्या, म्हणजे इंजिनीअरिंगच्या कुठल्याच तुकडीत तिचं नाव येईना. सर म्हणाले, यादी अपडेट व्हायचीय. एका मैत्रिणीने सहज दुसऱ्या विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची यादी पाहिली, तर तिथे तिचं नाव होतं. अभ्यासक्रम बीसीए, म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशनची पदवी, इंजिनीअरिंग नव्हे. संध्याकाळी घरी आली ती दप्तर न काढता तशीच कॉटवर बसून राहिली. म्हणाली, "पप्पा, मी बी.टेकला नाहीये."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून विद्यापीठाच्या अकाउंट विभागात गेलो. खिडकीतल्या मॅडमनी नाव टाकलं आणि काही न बोलता मॉनिटर माझ्याकडे वळवला. अभ्यासक्रम : बीसीए. जमा : 55,000. बाजूच्या रकान्यात ‘संदर्भ’ असं लिहिलं होतं आणि पुढे एक आकडा. मी विचारलं हा आकडा कसला. त्या म्हणाल्या, प्रवेश आणून देणाऱ्याचा कोड. बीसीएची फी कमी, म्हणून त्याने ती भरली आणि उरलेले पंचावन्न हजार खिशात घातले, वर रोख पंधरा हजार वेगळे. आमच्याच सहीचा फॉर्म त्यांनी काढून दाखवला, त्यात अभ्यासक्रमाच्या जागी बीसीए व्यवस्थित टाइप केलेलं होतं. कागदोपत्री आम्हीच बीसीए मागितलं होतं.

विद्यापीठाने आमच्याकडून जास्तीचा पैसा घेतला नाही, हे मी मान्य करतो. पण जो माणूस मुलं आणून देतो त्याला कोड द्यायचा आणि मुलाच्या बापाला मात्र एक फोनही करायचा नाही, हे मला पटलेलं नाही आणि पटणार नाही.

त्या माणसाने आठवडाभर "गणपती होऊ द्या काका" म्हणून टोलवलं. मग फोन बंद. कॅनडा कॉर्नरच्या ऑफिसला कुलूप, खालच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं की भाडंही थकवून गेलाय.

विसर्जन झालं आणि 19 सप्टेंबरला आम्ही प्रवेश रद्द करण्याचा अर्ज दिला. आधी उत्तर आलं की भरलेली फी परत मिळत नाही. इथे माझा भाचा कामाला आला. यूजीसीने त्या वर्षासाठी कळवलं होतं की 30 सप्टेंबर 2024 पर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, आणि त्यानंतर 31 ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त एक हजार कापून बाकीची परत. हे खासगी विद्यापीठांनाही लागू होतं. त्याची प्रत आम्ही अर्जाला जोडली आणि पोच घेतली. तेव्हा नवीनच अडचण निघाली. फी ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत जाते म्हणे, म्हणजे त्या एजंटच्या खात्यात. आम्ही मुलीच्या खात्याचा रद्द केलेला चेक दिला, लेखी हरकत नोंदवली, यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार टाकली, पोलिसांकडे दिलेल्या अर्जाची प्रत लावली. नोव्हेंबरात पंचावन्न हजार मुलीच्या खात्यात आले. तुम्ही फी भरताना खातं कुणाचं आहे याला एवढं महत्त्व का आहे, ते मला त्या दिवशी समजलं.

एलसी विद्यापीठाच्या फाइलमध्ये सापडली, मार्कशीट सापडलीच नाही. यूजीसीच्या 2018 च्या सूचनेप्रमाणे खुद्द विद्यापीठालाही मूळ मार्कशीट किंवा दाखला ठेवून घेता येत नाही, पडताळून परत द्यायचे असतात. मग एजंटच्या हातात ते देण्याचं काहीच कारण नव्हतं. डुप्लिकेट मार्कशीटसाठी बोर्डाच्या नाशिक विभागीय कार्यालयात तीन चकरा झाल्या.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला. ऑनलाइन पाठवलेल्या पैशांसाठी 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा असतो, पण तो लगेच, पैसे पुढे सरकायच्या आत. आम्ही दोन महिने उशिरा जागे झालो होतो. रोख दिलेल्या पंधरा हजारांना त्या गुलाबी कागदाशिवाय पुरावा नाही. प्रकरण अजून चालू आहे. सत्तर हजारांतला एक रुपयाही परत आलेला नाही.

कॅपच्या फेऱ्या तोवर आटोपल्या होत्या. संस्थास्तरावर कुठे कुठे जागा होत्या, पण तिथे माफी नाही आणि माझ्याकडे पैसे नाहीत. मुलगी वर्षभर घरी बसून पुन्हा सीईटीला बसली. सकाळी सव्वासातला ती बस चौकातून जायची तेव्हा ती खिडकी लावून घ्यायची. 2025 ला कॅपमधूनच नाशिकच्या एका संलग्न कॉलेजात तिला जागा मिळाली, कॉम्प्युटर नाही, इलेक्ट्रॉनिक्स. ऑप्शन फॉर्म तिने स्वतः भरला, मी शेजारी बसून एकेक कॉलेजचा कोड वाचून दाखवला. फी कॉलेजच्या खात्यात, कॉलेजच्या नावाची पावती, शिक्षण शुल्काच्या रकान्यात माफीची नोंद. बांगड्या मात्र अजून पतसंस्थेतच आहेत.

गल्लीतल्या त्या दोघांना मी घरी बोलावून हे सगळे कागद दाखवले : गुलाबी पावती, यूपीआयचे स्क्रीनशॉट, शासन निर्णयाची प्रत. सिडको, अंबड, सातपूर भागात कुणाच्या घरी यंदा प्रवेशाचं चालू असेल आणि कुणी सर फी माफीचं कात्रण दाखवून पैसे मागत असेल, तर पिन टाकण्याआधी माझ्याकडे या. पहिल्या पाळीला असलो की संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असतो. फॉर्म सोबत आणा, आपण बसून एकेक ओळ वाचू.