हॉप्स राहिले तर: काढा की थेंब?

घरी बिअर करताना ६० मिनिटं उकळायच्या हॉप्सची (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांची) पुडी फ्रीजरमध्येच राहिली आणि वर्ट, म्हणजे माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या जवाचं) गोड पाणी, फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, जाऊन बसलं, असं धरून चालतो. यीस्ट अजून पडलं नसेल तर प्रश्नच नाही, सगळं परत पातेल्यात ओता आणि हॉप्स घालून तासभर उकळा. राहिलेले हॉप्स उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांचे असतील तरी काळजी नको, ड्राय हॉपिंगने (हॉप्स न उकळता तसेच घालून) वासाची भरपाई होते, कधी कधी जरा जास्तच. (परवान्याचा विषय इथे काढत नाही, तो ज्याचा त्याने पाहावा.)

खरी पंचाईत कडवटपणाची. हॉप्समधलं अल्फा अॅसिड उकळीत आयसोमराइज होतं, म्हणजे त्याच्या रेणूची रचना बदलते, तेव्हा कुठे बिअर नीट कडू होते. गार बिअरमध्ये मूठभर पेलेट (हॉप्सच्या दाबून केलेल्या गोळ्या) टाकून ते साधत नाही. संत्र्याची साल टाक म्हणणारेही भेटतात आपल्याकडे, पण तो कडूपणा वेगळाच. म्हणून यीस्ट पडल्यावर दोनच रस्ते उरतात: हॉप्सचा काढा, नाहीतर आयसोमराइज्ड हॉप अर्काचे थेंब. मी दोन्ही करून पाहिलेत.

काढ्यात ठरवलेलेच हॉप्स वापरता येतात आणि चवही मला जरा भरीव वाटली. मोजायचं यंत्र नाही, जिभेचा अंदाज आहे. फक्त नुसत्या पाण्यात उकळू नका, बोअरच्या तर नाहीच, तुरटपणा उतरतो. ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टच्या अर्काची पूड) घालून ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, १.०३५च्या आसपास आणा. एक लिटर काढा पुरत नाही. पेलेट कितीही कोंबले तरी साधारण १०० आयबीयूच्या (कडवटपणाचं माप) वर कडवटपणा विरघळणं अवघड, आणि तो लिटर २० लिटरमध्ये मिसळला की हातात ५च्या आसपास उरतात. म्हणजे किमान चार लिटर हवा. त्यातल्या माल्टमुळे यीस्ट पुन्हा कामाला लागतं, तेव्हा बाटल्या भरायची घाई नको, फुटतील.

एवढं सगळं मी सहन केलं असतं. पण हे चार लिटर गार कसे करायचे? मे महिन्यात नागपुरात छतावरच्या टाकीचं पाणी दुपारी हात पोळेल असं येतं. त्या पाण्याची धार काढ्याच्या पातेल्यावर सोडून काय होणार! बर्फ आणा, परात भरा, वितळला की परत आणा, आणि तोवर झाकण किती वेळा उघडलं याचा हिशेब ठेवत बसा. तासभर गॅस पेटल्यावर स्वयंपाकघराचं जे होतं ते वेगळंच, कूलर तिथवर पोचत नाही. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

अर्काला उकळणं नाही, गार करणं नाही. वास मात्र तो देत नाही, कडवटपणा थोडा एकसुरी वाटू शकतो आणि बाटली बाहेरून मागवावी लागते, हे मान्य. पण ती फ्रीजच्या दारात पडून असली की निम्मी चिंता मिटते. ३० टक्क्यांच्या अर्काचा १ मिली २० लिटरमध्ये म्हणजे कागदावर सुमारे १५ आयबीयू, प्रत्यक्षात थोडे कमी. मेडिकलमधली १ मिलीची सिरिंज पुरते. आंबणं संपल्यावरच घाला, नाहीतर बराचसा फेसाबरोबर आणि यीस्टबरोबर वाया जातो.

आणि काढ्यात नसलेली सोय: आधी ग्लासात चाखता येतं. १ मिली अर्क १०० मिली आरओच्या पाण्यात मिसळा, त्यातला १ मिली २०० मिली बिअरमध्ये टाका. तेच १५चं प्रमाण झालं. कमी वाटलं तर आणखी अर्धा मिली. जमलं की तोच हिशेब पूर्ण फर्मेंटरला लावा.

डिसेंबरात, टाकीचं पाणी बोटं बधिर करतं तेव्हा, काढ्याला माझी ना नाही. उन्हाळ्यात विचाराल तर थेंब.