प्रवाळाच्या नावाने चुना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडच्या गावांत प्रवाळाचं कॅल्शियम म्हणून डबी खपवण्याचा खेळ साधारण असा चालतो. देवळाच्या सभामंडपात ‘मोफत हाड तपासणी’. हातात एक दांडी धरायला देतात, मिनिटभरात छापील कागद हातात: कॅल्शियम कमी. पन्नाशीपुढच्या बाईच्या कागदावर तर हमखास. दांडी धरून हाडातलं कॅल्शियम मोजता येत नाही. रक्ताच्या तपासणीतही हाडाची झीज दिसेलच असं नाही, कारण रक्तात कमी पडलं की शरीर हाडातून काढून भरतं. आकडा ठीक येतो आणि हाड पोकळ होत जातं. हाडाची घनता कळते ती डेक्सा स्कॅनवर, म्हणजे हाडांच्या खास एक्स-रे तपासणीत.

मग डबी निघते. ‘ओकिनावाचं प्रवाळ, ९८ टक्के शोषण.’ ओकिनावा म्हणजे जपानचं बेट. पूड लिंबाच्या रसात टाकतात, फेस येतो, ‘बघा आक्का, कसं विरघळतंय!’ अंड्याचं कवच कुटून टाका, तसाच फेस येईल. प्रवाळ, शिंपले, अंड्याचं कवच, सगळं मुळात कॅल्शियम कार्बोनेट. मेडिकलमधल्या साध्या गोळीतही बहुतेक वेळा तेच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००३ साली कोरल कॅल्शियम विकणाऱ्यांवर कारवाई केली, ती अशाच दाव्यांवरून.

डबीवर १००० मिग्रॅ लिहिलेलं असतं ते पुडीचं वजन. शुद्ध कार्बोनेटमध्येही कॅल्शियम ४० टक्केच, म्हणजे ४०० मिग्रॅ. त्यातलं आतड्यातून आत जातं साधारण पाव ते तिसरा हिस्सा, मग ते समुद्रातलं असो की खाणीतलं.

शोषण वाढवायचं तर ते डबीच्या नावावर नाही, घेण्याच्या रीतीवर आहे. कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून गोळी जेवणासोबत. उपाशीपोटी घेतली की शोषण कमी. आम्लपित्तासाठी रोज पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल चालू असेल तर डॉक्टरांना विचारून कॅल्शियम सायट्रेट घ्यावं. त्यात कॅल्शियम २१ टक्केच, पण आम्लावाचून चालतं. एका वेळी ५०० मिग्रॅ कॅल्शियमच्या वर नको, कारण मात्रा वाढली की शोषणाचं प्रमाण घसरतं. ‘सकाळीच दोन गोळ्या’ हा विक्रेत्याचा सल्ला इथेच फसतो. ड जीवनसत्त्व कमी असेल तर आतडं कॅल्शियम नीट ओढतच नाही. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं, लोहाची गोळीही वेगळ्या वेळी. हे सभामंडपात कुणी सांगत नाही. मुतखडा असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय सुरूच करू नये.

गोळी विरघळते का हे बघायचं तर अर्धी वाटी व्हिनेगरमध्ये टाकून मधूनमधून ढवळा. अर्ध्या तासात बहुतेक विरघळायला हवी. यातून ती चांगली विरघळते एवढंच कळतं, समुद्री आहे हे नाही.

समुद्रातलंच हवं असेल तर काट्यासकट खाल्ली जाणारी मांदेली आणि जवळा बाजारात मिळतात. सुक्या मासळीत मीठ फार, म्हणून रक्तदाबवाल्यांनी जपून. खानापूरच्या नाचण्यात १०० ग्रॅमला साडेतीनशे मिग्रॅच्या आसपास कॅल्शियम असतं. प्रौढांची रोजची गरज १००० मिग्रॅ, पाळी थांबलेल्या बायकांची १२००.

खरंच प्रवाळ असेल तर गोष्ट आणखी वाकडी. खडक बांधणारी प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातून ती काढून विकणं गुन्हा आहे.

पैसे परत मागायला गेलं की सीमाभागातली नेहमीची पळवाट: ‘पावती कोल्हापूरची आहे, तक्रार तिकडे करा.’ हे खोटं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे बेळगावातच, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. थेट विक्रीवाल्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय घरी येऊ नये, असा २०२१ चा नियमही आहे. डबी, पावती, मशीनचा कागद आणि पत्रक फेकू नका. डबीवरचा १४ आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक आधी टिपून घ्या आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.