बेल्स पाल्सी: नुसतं स्टेरॉइड की जोडीला विषाणूरोधक गोळीही?

तोंड एका बाजूला वाकडं झालं की आधी कपाळ बघायचं. भुवया उचलूनही त्या बाजूला आठ्या पडत नसतील तर दोष बहुधा चेहऱ्याच्या नसेत असतो. आठ्या पडतात पण तोंड वाकडंच, किंवा हातापायातली ताकद गेली, बोलणं अडखळलं, तर पक्षाघात समजून लगेच रुग्णालय गाठायचं. पुढची तुलना फक्त बेल्स पाल्सीची, म्हणजे ठोस कारण न सापडता चेहऱ्याची नस सुजून एक बाजू अचानक लुळी पडते त्या आजाराची.

प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून जाते. सुजली की तिथेच आवळली जाते. स्टेरॉइड ही सूज उतरवतं, पण ७२ तासांच्या आत सुरू झालं तरच त्याचा भरवसा. प्रौढांसाठी रूढ डोस दोन: २५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, १० दिवस, किंवा रोज ६० मिग्रॅ ५ दिवस आणि मग दररोज १० मिग्रॅ कमी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधल्या चाचणीत नऊ महिन्यांनी हे औषध घेतलेले ९४.४ टक्के रुग्ण पूर्ण बरे होते, न घेतलेले ८१.६ टक्के. म्हणजे औषधाविनाही बहुतेक जण सावरतात. गोळी उरलेल्यांपैकी काहींना वाचवते. गोळी जेवणानंतर घ्यावी, रात्री उशिरा घेतल्यास झोप उडते. मधुमेह असेल तर साखर हमखास चढते, रोज मोजावी लागते.

नुसतं असायक्लोव्हिर, म्हणजे विषाणूरोधक गोळी. नको. त्याच चाचणीत त्याचा काही फायदा दिसला नाही. शिवाय ४०० मिग्रॅ दिवसातून पाच वेळा, त्यामुळे डोस चुकतातच.

दोन्ही एकत्र. सौम्य लुळेपणात जास्तीचा लाभ नगण्य. डोळा अजिबात मिटत नाही, चेहरा जवळजवळ हलतच नाही, अशा वेळी डॉक्टर व्हॅलासायक्लोव्हिर (त्याच जातीची विषाणूरोधक गोळी) १००० मिग्रॅ दिवसातून तीनदा, ७ दिवस जोडतात. पुरावा तोकडा, पण धोकाही थोडा. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस घटवावा लागतो. मात्र कानात किंवा टाळूवर पुरळ-फोड आणि तीव्र वेदना असतील तर तो नागिणीचा विषाणू, म्हणजे रॅमसे हंट हा वेगळा आजार. तिथे दोन्ही औषधं लागतातच.

बी-१२च्या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात. त्या स्टेरॉइडची जागा घेत नाहीत.

कुठलाही पर्याय निवडा, डोळा जपणं त्यात येतंच: दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम लावून पापणी मिटवून चिकटपट्टी. पट्टी उघड्या बुबुळावर घासली तर जखम होते. डोळा लाल झाला किंवा दुखू लागला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. तीन महिन्यांत हालचाल पूर्ण परतली नाही तर फेरतपासणी करून घ्यावी.