'अप' : चार मिनिटांची पेरणी आणि वहीची पानं

पिक्सारचा २००९ चा ॲनिमेशन सिनेमा 'अप' परवा तिसऱ्यांदा बघितला आणि आता लिहूनच टाकते. ज्याला विचारावं तो म्हणतो सुरुवात बघ, रडशील. सुरुवात जबरदस्त आहेच, कार्ल आणि एलीचा अख्खा संसार जेमतेम चार-साडेचार मिनिटांत आणि तोही एक शब्द न बोलता, नुसती मायकल जियाकिनोची ती साधीशी धून, आधी नाचत असते मग हळूहळू पियानोच्या एकेका सुरावर येते. त्याला या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. पण मला विचाराल तर ती चार मिनिटं म्हणजे पेरणी आहे, पीक पार शेवटाकडे येतं.

म्हणजे बघा ना काय काय पेरून ठेवलंय. धबधब्याकाठी जाऊन राहायचं म्हणून पैसे साठवायची बरणी, ती कधी गाडीचा टायर गेला म्हणून फुटते, कधी कार्लचा पाय मोडला म्हणून, कधी छपरावर झाड पडलं म्हणून. मग टाय. रोज एली त्याचा टाय बांधते, टाय बदलत जातात आणि त्या बदलण्यातच दोघं म्हातारे होतात. आणि ती टेकडी, तरुणपणी एली पुढे धावते नि कार्ल धापा टाकत मागून येतो, म्हातारपणी हा पुढे जातो आणि ती मागे पडते. कोणी आक्रोश करत नाही, कोणी डायलॉग मारत नाही, दिग्दर्शक पीट डॉक्टरने फक्त त्याच त्या गोष्टी परत परत दाखवल्यात आणि त्यानेच गळा दाटून येतो.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. बाळाच्या खोलीची भिंत रंगवताना आपण त्यांना बघतो आणि लगेच हॉस्पिटलचा शॉट येतो, डॉक्टर काहीतरी सांगतायत, आपल्याला ऐकू येत नाही आणि एली चेहरा हातात धरून बसलीये. ज्यांनी हे स्वतः सोसलंय त्यांना हे माहीत असू दे, लहान मुलांचा सिनेमा म्हणून बेसावध बसू नका.

आता ती वही. एलीच्या लहानपणच्या वहीत 'मी पुढे काय काय करणार' असं लिहिलेलं पान आहे आणि त्याच्या पुढची पानं कोरी राहिली असं कार्ल इतकी वर्षं धरून चाललाय, आपल्यामुळे तिचं स्वप्न राहिलं म्हणून आतल्या आत झुरतोय. शेवटी एकटा खुर्चीत बसून तो वही मिटायला जातो आणि दिसतं की पानं कोरी नाहीतच, तिने त्यात त्यांच्या संसाराचे फोटो चिकटवलेत. लग्न, टेकडी, साधेसुधे दिवस, आणि शेवटी दोघं शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसलेले. तिथेच तिने हाताने लिहिलंय, या सफरीबद्दल थँक्यू, आता नवी सफर कर. इथे मी तिन्ही वेळा रडले.

दुसऱ्यांदा बघितला तेव्हा आजोबांना जाऊन काही महिने झाले होते आणि शेजारी आजी होती. कार्ल बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतो तिथे मी विचारलं, "आजी, बंद करू का?" ती म्हणाली, "नको गं, राहू दे, बघू दे मला." मग काहीच बोलली नाही, माझा हात मात्र धरून ठेवला होता.

असंच एका वस्तूवर सगळं पेललेला दुसरा सिनेमा म्हणजे जपानी दिग्दर्शक ताकाहाताचा १९८८ चा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज', त्यात खाऊच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा आहे. गोळ्या संपतात, मग त्यात पाणी घालून पितात, आणि पुढे त्या डब्यात काय येतं ते मी इथे लिहू शकत नाही. तो दुसऱ्यांदा बघायची माझ्यात ताकद नाही. 'अप' उचलून परत उभं करतो, हा फरक आहे.

उणं म्हणाल तर मधला भाग. बोलणारे कुत्रे मुलांना आवडतील पण खलनायक झालेल्या मंट्झ या म्हाताऱ्या साहसवीराचा पाठलाग लांबलाय, शिवाय कार्लच ७८ चा आणि हा त्याच्या लहानपणचा हिरो, तरी तलवार घेऊन मारामारी करतो, ते काही पटत नाही. कार्लबरोबर सफरीवर आलेला छोटा रसेल मात्र सुंदर लिहिलाय, आईस्क्रीम खात कडेला बसून गाड्या मोजायची गोष्ट सांगतो तिथे नीट कान द्या.

दीड तासाच्या आसपासचा सिनेमा आहे, शक्यतो एका बैठकीत बघा. आणि नावं यायला लागली की लगेच बंद करू नका, तिथे कार्ल आणि रसेलचे नवे फोटो चिकटवलेले दिसतात.