आठ महिने वापरल्यावर: कीबोर्ड स्प्लिट, पेडल आणि न थांबणारा बास

काल रात्री माझ्या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये सिंथ बासची एक नोट अडकली. पट्टीवरून हात काढला, उठून उभा राहिलो, तरी ती आपली घुमतेच आहे. ट्रॅक म्यूट केला की गप्प, उघडला की पुन्हा सुरू. शेवटी बासचं प्लगइनच (सॉफ्टवेअरमध्ये जोडलेलं वाद्य) काढून टाकलं. नाहीतर इतके दिवस या सॉफ्टवेअरबद्दल लिहावं असं काही वाटलं नव्हतं.

माझी मांडणी साधी आहे. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड, नोट नंबर ५९ पर्यंत बास, ६० पासून पियानो. (हे नंबर मिडीचे, म्हणजे कीबोर्ड आणि कॉम्प्युटर ज्या संदेशांत बोलतात त्या भाषेतले.) दोन ट्रॅक, दोन्हींना एकच इनपुट, प्रत्येकावर नोट फिल्टर, म्हणजे ठरलेल्याच नोट्स आत जाऊ देणारी चाळणी. महागड्या आवृत्तीत यासाठी नोट्स वाटून देणारा खास राउटर मिळतो म्हणे. दोन फिल्टरांत भागतंय तर पैसे कशाला घालवा? (आकडे मुद्दाम लिहितोय. ६० ला हे सॉफ्टवेअर सी३ म्हणतं आणि माझं पियानोचं प्लगइन सी४. त्या घोळात सुरुवातीचे दोन दिवस गेले.)

ड्रम्स वाटून द्यायला मजा येते. ३६ चा किक एका सॅम्पलरला (रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारं प्लगइन), ३८ चा स्नेअर दुसऱ्याला. ४२ चा बंद आणि ४६ चा उघडा हायहॅट (झांजांची जोडी) मात्र एकाच ठिकाणी ठेवा, नाहीतर बंद हायहॅट वाजला तरी उघड्याचा आवाज तुटत नाही.

आता पेडल. यावर मी कितीही बोलू शकतो. नोट फिल्टर फक्त नोट्स गाळतो. सस्टेन पेडल ही नोट नाही, तो ६४ नंबरचा कंट्रोलर, म्हणजे नोटऐवजी पेडल, बटणं यांची हालचाल कळवणारा संदेश. त्याला वरची पट्टी, खालची पट्टी काही कळत नाही, तो संपूर्ण चॅनेलला लागू होतो. म्हणजे पियानोसाठी पाय दाबला की बासही लोंबकळत राहतो आणि दुसरा कॉर्ड येईपर्यंत खाली सगळं गढूळ. सपोर्टला तीन मेल केले. उत्तर काय, तर ऑडिओ ड्रायव्हर पुन्हा टाकून बघा. अहो, इथे ऑडिओचा संबंधच काय? त्या रागात मी पाचातले दोन तारे कापले होते.

मग एक दिवस मेन्यू चाळताना कंट्रोलर फिल्टर सापडला. स्वस्त आवृत्तीतच, पहिल्या दिवसापासून. बासच्या ट्रॅकवर लावला, पेडलचा त्रास संपला. एक तारा परत दिला.

कालची भानगड वेगळी. डाव्या हाताने ५७ धरून ठेवली होती आणि उजव्या हाताने माऊसवर स्प्लिट खाली ओढला, ५५ पासून पियानो. मिडीत पट्टी दाबल्याचा आणि सोडल्याचा संदेश वेगवेगळा असतो, १९८३ पासून असंच आहे. दाबल्याचा संदेश बासला मिळाला. सोडल्याचा निघाला तोवर ५७ पियानोच्या हद्दीत गेली होती, त्यामुळे बासच्या फिल्टरने तो अडवला. बास बिचारा वाट बघत वाजतोय, आणि जी नोट पियानोने वाजवलीच नाही ती सोडल्याचा निरोप पियानोला! आत जाऊ दिलेली नोट कोणती, एवढं फिल्टरने लक्षात ठेवलं असतं तर काम झालं असतं. एकूण नोट्स १२८. त्याला अशी कितीशी मेमरी लागते?

सगळे आवाज एकदम थांबवणाऱ्या पॅनिक बटणानेही ती थांबली नाही, म्हणून आणखी एक तारा कापायला निघालो होतो. सकाळी डोकं शांत झाल्यावर कळलं की तो घोळ माझाच. ‘सगळ्या नोट्स बंद’ हाही कंट्रोलरच्याच जातीचा संदेश, नंबर १२३. बासच्या फिल्टरमध्ये मी आळसाने एकट्या ६४ ऐवजी सगळेच कंट्रोलर बंद करून ठेवले होते, म्हणून पॅनिकचा संदेशही बासपर्यंत पोचला नाही.

आता फक्त ६४ बंद आहे. मुद्दाम ५७ अडकवून पाहिली, पॅनिक दाबलं, गप्प. तरी स्प्लिटचा दोष आहे तो आहेच, सध्या चार तारे. सपोर्टला चौथा मेल टाकलाय, नोट्सच्या आकड्यांसकट. पुन्हा ड्रायव्हरचं नाव काढलं तर तीन करीन.