कंबर-मानेचं दुखणं: आधी एमआरआय की आधी हातची तपासणी?

मी फिजिओथेरपिस्ट. भाताची लावणी उरकत आली की माझ्याकडे कमरा येतात आणि आंब्याच्या हंगामात माना. चिखलात दिवसभर वाकलेली बाई आणि आंबे उतरवायची घळ (जाळी लावलेली लांब काठी) हातात घेऊन दिवसभर वर बघणारा गडी, दोघंही एकच विचारतात: "ताई, आधी एमआरआय काढून आणू का?" कितीतरी जण रोजंदारी बुडवून, आंबा घाट चढून कोल्हापूरला जाऊन काढूनच आलेले असतात. माझं मत स्पष्ट आहे. धोक्याची लक्षणं नसतील तर आधी नीट तपासून घ्या.

एमआरआय वाईट नाही. क्ष-किरण न लावता मणके, दोन मणक्यांमधली गादी (डिस्क), नसा, मज्जारज्जू स्वच्छ दाखवतो. पण दुखणं दाखवत नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर ५२ टक्क्यांच्या निदान एका गादीला फुगवटा निघाला. सगळ्या गाद्या ठीक असलेले फक्त ३६ टक्के. म्हणजे चाळिशीत 'गादी सरकली' असं लिहून आलं, तर ते केस पिकण्यासारखंही असू शकतं. पण तो कागद हातात पडला की माणूस वाकायचंच सोडतो, कळशी उचलत नाही, आणि कंबर आणखी आखडते. याचं मला फार वाईट वाटतं.

हातची तपासणी वेगळं सांगते: कोणत्या हालचालीने दुखणं वाढतं, कशाने ओसरतं. १९५६ साली न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टचा एक रुग्ण, डोक्याकडची बाजू उचललेल्या खाटेवर चुकून पालथा पडून राहिला आणि त्याच्या पायातली कळ गेली. तेव्हापासून तीच हालचाल पुन्हा पुन्हा करून बघायची पद्धत रुजली. पोटरीतली कळ मांडीत, मांडीतली कमरेत सरकली, तर कंबर जरा जास्त दुखली तरी ती चांगली खूण. स्थिर पडून काढलेल्या चित्रात हे दिसणार नाही. मग नसा: उताणं झोपवून पाय सरळ उचलते. साधारण ३० ते ७० अंशांत पायात कळ गेली तर नसेवर संशय. पायाचा अंगठा दाबाविरुद्ध वर धरता येत नसेल तर कमरेतून पायात उतरणारी एल-५ नस, एका पायावर उभं राहून टाच उचलता येत नसेल तर तिच्या खालची एस-१.

मानेला एका चाचणीवर विसंबू नये. दुखऱ्या बाजूला मान ६० अंशही वळत नाही, डोकं कलवून दाबलं की हातात कळ जाते, वर ओढलं की बरं वाटतं, हात ताणला की मुंग्या येतात: चारही जुळलं तर नस दबल्याची शक्यता दाट. हाताचा अंगठा बधिर तर मानेतली सहावी नस, मधलं बोट सातवी, करंगळी आठवी. मुंग्या मनगटातल्या नसेमुळेही येतात, म्हणून तेही बघावं लागतं.

हातच्या तपासणीची कमजोरी एकच, ती करणाऱ्यावर अवलंबून असते. कपडेही न सरकवता दहा मिनिटं शेक देऊन पाठवलं, तर ती तपासणी झालीच नाही. पैसे वाया.

काही वेळा मात्र वाट बघायचीच नाही. लघवी अडली, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल. पाऊल लुळं पडून चप्पल निसटते. शर्टाची बटणं लागेनात आणि चाल डगमगते. संध्याकाळचा ताप आणि घटतं वजन, कारण मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे अजून आहे. पूर्वी कर्करोग झालेला. या सगळ्यांनी आधी डॉक्टर आणि एमआरआय. माडावरून पडलेल्याला तर उठवून बसवूही नका, मान न हलवता न्या.

बाकीच्यांना सहाएक आठवडे व्यायाम करून फरक पडला नाही, किंवा शस्त्रक्रियेचा, इंजेक्शनचा विचार निघाला, की एमआरआयचे काही हजार खर्च करणं योग्य.

आधीच काढला असेल तर फिल्म घेऊन या. मी ती तपासणी संपल्यावर उघडते. हाताला उजवी एस-१ नस सापडली आणि फिल्ममध्ये फुगवटा डावीकडे असेल, तर तुमचं दुखणं बहुधा त्या फुगवट्याचं नाही.