डेमोत गेलेली घरघर

माझ्या ॲम्पची (ॲम्प्लिफायरची) एक जुनी तक्रार होती. गाणं थांबलं की स्पीकरमधून खालच्या पट्टीत घूंऽऽ असा आवाज यायचा. दिवसा कळायचा नाही, पण रात्री ऐकायला बसलं की तानपुरा विरायचा आणि त्याच्या खाली हा दुसरा तानपुरा सुरूच असायचा. ही घरघर घालवायला म्हणून मी पॉवर कंडिशनर, म्हणजे भिंतीतली वीज गाळून ॲम्पला देणारा डबा, घेतला. ॲम्पपेक्षाही महाग पडला.

विकणारा माणूस बोलायला गोड. उपकरणं बघून म्हणाला, "सर, ॲम्प उत्तम आहे तुमचा. पण त्याला वीज घाणेरडी पाजताय तुम्ही." हे वाक्य मला इतकं पटलं की त्यानंतर त्यानं काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं.

डेमो माझ्याच घरी झाला. दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा जड, काळा डबा आणि सोबत खिशात मावेल असा एक मीटर. मीटर त्यानं भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसला. आकडा आला ६४० आणि मीटरमधल्या चिमुकल्या स्पीकरमधून खरखर सुरू झाली. मग तोच मीटर कंडिशनरच्या सॉकेटमध्ये लावला. आकडा ३८, खरखर बंद. माझी लेक फोनवर हे सगळं टिपत होती, तीही "बाप रे" म्हणाली. मग भिंतीतल्या विजेवर एक गाणं ऐकवलं. मग सगळं बंद करून तो मागच्या बाजूला वाकला. "वायरींचा गुंता फार आहे सर, जरा जागा करतो," असं म्हणत दोन-तीन वायरी काढून बाजूला ठेवल्या, ॲम्पचा प्लग डब्यात लावला आणि तेच गाणं पुन्हा लावलं. आवाज भरदार आणि मोकळा झाला. गाणं संपल्यावर शांतता, घरघर गायब. मी त्याच बैठकीत पैसे दिले.

काढलेल्या वायरी त्यानं परत लावल्या नव्हत्या. संध्याकाळी टीव्ही लावायचा म्हणून त्या मी लावल्या. रात्री घूंऽऽ हजर.

एवढं समोर असूनही माझी ट्यूब पेटली नाही. मी फोन केला. तो हसला. म्हणाला, "अहो सर, आतले कपॅसिटर अजून बसायचेत. ३०० तास चालू द्या." वस्तू परत करायची मुदत होती १० दिवस. १० दिवस रात्रंदिवस ॲम्प चालू ठेवला तरी २४० तासच होतात. हे तिसरीतलं गणित मी अकराव्या दिवशी केलं. त्यानंतरच्या फोनवर कळलं की माझे कान अजून तयार झालेले नाहीत, आणि त्याच्याही पुढच्या फोनवर, की खरा दोष पॉवर केबलमध्ये आहे आणि ती केबलही त्यांच्याकडे मिळते.

घरघरीचा उलगडा माझ्या भाच्यानं केला. तो उपकरणं दुरुस्त करतो. त्यानं कंडिशनरकडे पाहिलंसुद्धा नाही. ॲम्प चालू ठेवला, आवाज कमी केला आणि मागच्या सिग्नलच्या वायरी एकेक करून काढत गेला. सेट-टॉप बॉक्सकडून येणारी वायर निघाली आणि घरघर थांबली. परत लावली, परत सुरू.

"मामा, हा अर्थिंगचा फेरा आहे," तो म्हणाला. ॲम्पला अर्थिंग मिळतं भिंतीच्या प्लगमधून. सेट-टॉप बॉक्सला जोडलेल्या केबलच्या जाळीला मिळतं दुसरीकडेच कुठेतरी. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये किंचित जरी दाबाचा फरक असला तरी त्या फरकाचा प्रवाह सिग्नलच्या वायरीच्या बाहेरच्या जाळीतून वाहतो, आणि मग विजेचे ते ५० किंवा ६० हर्ट्झ स्पीकरमधून ऐकू येतात. कंडिशनर यात काही करूच शकत नव्हता, कारण त्याच्यातली अर्थिंगची तार या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेली असते. ती तशीच असायला हवी. (घरघर घालवायला प्लगची अर्थिंगची पिन तोडा, असा सल्ला देणारा कुणी ना कुणी भेटतोच. त्यानं घरघर जातेही. पण उद्या आतली तार सुटून धातूच्या खोक्याला लागली तर ती वीज तुमच्या हातातून जाईल. तोडू नका.) भाच्यानं ती वायर काढून टीव्हीपासून ॲम्पपर्यंत ऑप्टिकल केबल टाकली. तिच्यातून प्रकाश जातो, धातूची तार नसते, त्यामुळे फेराच तुटला. त्या केबलची किंमत सांगायची मला लाज वाटते.

तरीही मी अडून बसलो होतो. घरघर जाऊ दे, पण आवाज तर सुधारला होता ना? मी स्वतः ऐकला होता. मग भाच्यानं मला पाठ करून बसवलं. नाणं उडवून, येईल त्याप्रमाणे तो प्लग कधी भिंतीत लावी, कधी डब्यात. मध्ये ॲम्प बंद-चालू, आवाज तोच, गाणं तेच. असं १२ वेळा. माझी ५ उत्तरं बरोबर आली. लेकीनं गाणं न ऐकता नुसतं "भिंत, डबा, डबा" म्हटलं असतं तरी तेवढी आली असती.

मग डबा उघडला. स्क्रूवर सील होतं आणि ते फाटताच वॉरंटीही संपली, पण तोवर तिचं मला काय करायचं होतं? आत नाण्याएवढ्या तीन चकत्या, दोन चौकोनी कपॅसिटर, एका काळ्या कड्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. बाकी हवा. आणि तळाला चिकटवलेली जाड लोखंडी पट्टी. कशालाही न जोडलेली, नुसती वजनाला. मी तिच्यावर बोट फिरवलं तर डिंकाचा ओघळ अजून चिकट होता.

चकत्या निरुपयोगी नाहीत. विजेचा अचानक झटका आला तर त्या तो स्वतःवर घेतात, आणि प्रत्येक मोठ्या झटक्यानं थोड्या झिजतात. पण तेवढं काम चांगल्या प्रतीचा साधा स्पाइक गार्डही करतो. मीटरचा आकडा उतरला तो त्या कपॅसिटरमुळे, आणि तोही खराच उतरला होता. पण मीटर मोजत होता सॉकेटमधल्या वरच्या फ्रिक्वेन्सीचा कचरा, स्पीकरमधून काय येतंय ते नव्हे. ॲम्प भिंतीतली वीज जशीच्या तशी थोडाच वाजवतो? आधी ट्रान्सफॉर्मर, मग रेक्टिफायर, मग छोट्या डब्यांएवढे मोठे कपॅसिटर, एवढ्यातून जाऊन तिची डीसी (एकाच दिशेनं वाहणारी वीज) होते, मग ती कामाला लागते. शिवाय माझ्या ॲम्पमध्ये वीज शिरते त्याच जागी तसलाच एक छोटा कपॅसिटर कारखान्यातूनच बसवलेला होता. भाच्यानं तो दाखवला तेव्हा मी काही बोललो नाही.

सगळेच कंडिशनर असले रिकामे नसतात. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या विजेत तारेचा थेट जोड न ठेवणारा) असलेले असतात, आलेल्या विजेची आधी डीसी करून त्यातून नवी एसी तयार करणारेही असतात. पण आधी तक्रार नेमकी कुठून येतेय ते बघा. घूं स्पीकरमधून येतेय की ॲम्पच्या खोक्यातूनच? खोक्याला कान लावून बघा. आतला ट्रान्सफॉर्मरच गुणगुणत असेल तर विजेत थोडी डीसी मिसळलेली असू शकते, आणि तिच्यासाठी डीसी ब्लॉकर नावाची वेगळीच वस्तू असते. व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर लागतो. आणि डेमो देणाऱ्याला प्लगशिवाय कशालाही हात लावू देऊ नका. रिमोटला तर नाहीच.

रिमोटचं हे मला फार उशिरा कळलं. पैसे परत मागितले तर सील तोडल्याचं कारण सांगून त्यांनी हात वर केले, म्हणून पुरावा काही मिळतो का ते बघायला लेकीच्या फोनमधलं ते शूटिंग पुन्हा लावलं. भिंतीच्या विजेवर गाणं वाजतं तेव्हा ॲम्पच्या पडद्यावर आवाजाचा आकडा −३२ दिसतो. डब्याच्या विजेवर −३०. मधल्या वेळात त्याचा डावा हात सोफ्यावरच्या रिमोटवर आहे. दोन डेसिबल वाढले की माणसाला अनेकदा आवाज मोठा झाला असं वाटत नाही, चांगला झाला असं वाटतं. आणि त्याच शूटिंगमध्ये, पडद्यावर −३० दिसत असताना, माझाच आवाज येतो: "अहो, हा तर वेगळाच ॲम्प वाटतोय!"